ग्वाग्वाचा पांढरा पेला

उंच काचेचा पेला, काठाच्या वर आलेला पांढरा बर्फ, त्यावर फ्लानची, म्हणजे अंडी-दुधाच्या वाफवलेल्या पुडिंगची, एक पिवळसर वडी. दुधाने बर्फ बाजूबाजूने थोडा खचलेला. हा हालो-हालो, फिलिपिन्समधला बर्फ-दुधाचा गोड पदार्थ, पण यात लाल नाही, जांभळं नाही, हिरवं नाही. मी आत्चीकडे बघितलं. तिने लांब दांड्याचा चमचा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ढवळ. तळापासून."

आत्ची म्हणजे माझी ऑफिसमधली सहकारी. फिलिपिन्सच्या पांपांगा प्रांतात कापांपांगान भाषेत थोरल्या बहिणीला आत्ची म्हणतात, आणि ती माझ्याहून बारा वर्षांनी मोठी असल्याने पहिल्या आठवड्यातच मी तिला तसं म्हणायला लागले. मी तेव्हा क्लार्कला नोकरीला होते. तिथे पूर्वी अमेरिकी हवाई दलाचा तळ होता, आता कंपन्या आहेत. राहायला आन्हेलेसला. आत्चीचं माहेर ग्वाग्वा, तासाभराच्या अंतरावरचं. या गावाचं मूळ नाव वावा, म्हणजे नदीचं मुख. स्पॅनिश लोकांनी ते आपल्या लेखणीने ग्वाग्वा केलं, पण गावातले लोक अजून वावाच म्हणतात.

हालो-हालो मी त्याआधी मनिलात खाल्ला होता. तागालोगमध्ये हालो म्हणजे मिसळणं, आणि तिथला पेला त्या नावाला पुरेपूर जागतो. तळाला साखरेत मुरवलेले लाल राजमे, काबुली चणे, नारळपाणी आंबवून केलेली नाता दे कोकोची चौकोनी पारदर्शक तुकडी, आपल्या ताडगोळ्यांची आठवण करून देणारे काओंग, फणसाच्या पट्ट्या, साबुदाणा, रंगीत जेली, रताळं. वर बर्फ आणि दूध. त्याच्याही वर उबे नावाच्या जांभळ्या कंदाचा हलवा, फ्लान, आइस्क्रीमचा गोळा, आणि सगळ्यात शेवटी पिनिपिग, म्हणजे कोवळा चिकट तांदूळ कुटून केलेले पोहे. हो, पोहेच. भाजलेले, कुरकुरीत. एप्रिलच्या दुपारी, हवा अंगाला चिकटत असताना मी तो पेला पहिल्यांदा खाल्ला आणि त्या पोह्यांपाशी थांबले. इतक्या लांब येऊन कोणीतरी ओळखीचं भेटावं तसं झालं.

तो पेला मला आवडतो, आजही. पण त्यात दर घासाला काहीतरी नवीन लागतं आणि आधीचं विसरायला होतं. जत्रेत फिरल्यासारखं. घरी परतल्यावर काय काय बघितलं ते सांगता येतं, एखाद्याच गोष्टीचं नीट वर्णन करायला सांगितलं तर अडखळायला होतं.

ग्वाग्वाच्या पेल्यात तळाला दोनच गोष्टी होत्या: पाकात शिजवलेलं साबा केळं आणि माकापुनो नावाच्या नारळाचा गर. वर बर्फ आणि दूध. मग फ्लान. संपलं. रासोन कुटुंबाने 1970च्या दशकात याच गावात या पद्धतीचा हालो-हालो विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या शाखा मनिलाभर झाल्या, आणि पांपांगाबाहेरच्या लोकांना ही पद्धत त्यांच्याच नावाने माहीत आहे. सोबत बहुतेक जण पान्सित लुगलुग मागवतात, कोळंबीच्या दाट रश्श्यातल्या जाड शेवया. आधी खारट, मग गोड.

मी ढवळलं. चमच्याला बर्फ लागलाच नाही. आपल्याकडच्या गोळ्याचा बर्फ दाताखाली करकरतो, त्यातला सरबताचा रंग चोखून घेतला की मागे नुसता पांढरा खडा उरतो. हा बर्फ तसा नव्हता. इतका बारीक किसलेला की दूध त्याच्या फटींतून तळाला पळालं नाही, बर्फानेच ते धरून ठेवलं. जिभेवर तो विरला तेव्हा पाणी झालं नाही, गार दूध झालं. मग केळं आलं, मऊ पण आकार न सोडलेलं, कडेला किंचित घट्ट. मग माकापुनोची एक तार. मग फ्लानचा तुकडा, ज्याच्या जळक्या साखरेचा कडवटपणा नसता तर हे सगळं गोडच गोड झालं असतं. चारच चवी होत्या आणि प्रत्येकीला येऊन बसायला जागा होती. अर्धा पेला होईपर्यंत आम्ही दोघी एक शब्द बोललो नाही.

मग आत्चीने विचारलं, "मन्यामन?" कापांपांगानमध्ये चविष्ट. मी म्हटलं, "मन्यामन." मला तोवर येणाऱ्या पाच-सहा शब्दांपैकी एक.

"घरी आपू करते ते याहून चांगलं असतं," ती म्हणाली. आपू म्हणजे आजी.

पुढच्या महिन्यात मी आपूच्या स्वयंपाकघरात होते. मागच्या अंगणात उघडी चूल, आत गॅस. आपू तेव्हा ऐंशीच्या पुढची. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला कापांपांगान येत नव्हती, मध्ये आत्ची. पण केळी सोलताना भाषा फारशी लागत नाही. साबा केळं बुटकं, जाड, कोनदार. हातात घेतलं की कडा जाणवतात. आमच्याकडे राजेळी केळं असतं तसं हेही शिजवून खाण्याचं, शिजलं तरी लगदा न होणारं. आपूने माझ्यासमोर दोन फण्या ठेवल्या आणि त्यातली आठ-नऊ केळी बाजूला काढली. ती दिसायला अगदी छान पिवळी होती. आत्चीने सांगितलं, ती जास्त पिकलीत, पाकात फुटतील. उरलेल्यांत एक अजून हिरवट होतं, तेही काढलं. वीसेक केळ्यांतली दहा-बाराच पातेल्यात गेली.

आणि मग वाट बघणं. आधी नुसत्या पाण्यात केळी थोडी शिजवायची, मग साखर, तीही एकदम नाही. एकदम सगळी साखर पडली तर केळं आकसतं, बाहेरून कडक होतं आणि आत पाक शिरत नाही. आपू मूठभर घालायची, झाकण ठेवायची, जाऊन दुसरं काही करायची, पुन्हा यायची. तास-दीड तासाने केळ्याचा रंग बदलला. पिवळा जाऊन तांबूस झाला आणि उजेडाकडे धरलं तर कडेने आरपार दिसायला लागलं. तेव्हा तिने गॅस बंद केला. "आता उद्यापर्यंत," आत्चीने भाषांतर केलं. रात्रभर पाकातच राहायचं.

फ्लान आदल्या दिवशीच झाला होता. लांबट, अंड्याच्या आकाराचे पातळ पत्र्याचे डबे असतात, त्यांना यानेरा म्हणतात. त्यात तळाला साखर थेट आचेवर जाळायची, वर अंड्यांचे फक्त पिवळे बलक, दूध, दायाप नावाच्या छोट्या लिंबाची साल किसून, आणि वाफेवर शिजवायचं. बलकांचे इतके गोड पदार्थ फिलिपिन्समध्ये का, याबद्दल तिथे एक गोष्ट सांगतात: स्पॅनिश काळात दगडी चर्च बांधताना चुन्यात अंड्याचा पांढरा भाग मिसळत, मग उरलेल्या बलकांचं करायचं काय? गोव्यातल्या बेबिंकात किती बलक जातात ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. फिलिपिन्समध्ये बिबिंगका नावाचा पदार्थही आहे. तो तांदळाचा, केळीच्या पानावर भाजलेला, बेबिंकाहून अगदी वेगळा. पण नाव ऐकून मी दचकले होते.

आता माकापुनो. यासाठीच खरं तर मी हे लिहायला बसले.

मी मालवणकडची. नारळ हातात घेतला की तो कानाशी नेऊन हलवायचा, ही सवय मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही, ती होतीच. पाणी खळखळ वाजलं तर नारळ चांगला. वाजलं नाही तर एकतर आतून सुकलेला नाहीतर बिघडलेला, तो बाजूला. आमच्या घरी माळ्यावरून नारळ काढताना आई एकेक हलवून बघायची. तो आवाज माझ्यासाठी सकाळचा आवाज आहे.

फिलिपिन्समध्येही नारळ कानाशी नेऊन हलवतात. पण तिथे न वाजणारा नारळ हाती लागला की माणूस हसतो. आत पाणी नाही, कारण आत जागाच नाही. साधारण नारळात कवटीला चिकटलेला खोबऱ्याचा थर असतो आणि मध्ये पाणी. माकापुनोत खोबरं थांबतच नाही, वाढत वाढत मऊ, लिबलिबीत, अर्धपारदर्शक गराने सगळी पोकळी भरून टाकतं. पुनो म्हणजे भरलेला. बाहेरून तो नारळ इतर नारळांसारखाच. झाडही इतर माडांसारखंच, आणि त्याच झाडाला बाकीचे नारळ साधे लागतात. हा गुण नारळाच्या वाणात दडून राहणारा, त्यामुळे अशा माडालाही चारांत एखादाच माकापुनो मिळाला तर मिळाला. तामिळ लोक अशा नारळाला दह्याचा नारळ म्हणतात, तैर तेंगाय. म्हणजे आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरही तो अधूनमधून लागतो. मी मात्र आयुष्याची पहिली तीस वर्षं नारळाच्या सावलीत काढून तो कधी पाहिला नव्हता.

आणि हा नारळ रुजत नाही. नारळाला कोंब फुटतो तेव्हा तो आतल्या खोबऱ्यावर वाढतो. माकापुनोतला कोंब निरोगी असतो, पण भोवतालचा तो मऊ गर त्याला खायला घालू शकत नाही. अन्नाने गच्च भरलेल्या घरात तो उपाशी मरतो. म्हणून कित्येक पिढ्या शेतकरी काय करायचे, तर ज्या माडाला माकापुनो लागतात त्याच माडाचे साधे नारळ लावायचे आणि त्यांतल्या काही झाडांना तरी तसे नारळ लागतील अशी आशा ठेवायची. 1960च्या दशकात लॉस बान्योसच्या विद्यापीठात एमेरिता दे गुझ्मान या शास्त्रज्ञ बाईंनी तो इवलासा कोंब नारळातून निर्जंतुक हातांनी बाहेर काढून काचेच्या बाटलीत, पोषक द्रावणावर वाढवून दाखवला. आईच्या पोटात जे मिळत नव्हतं ते बाटलीत दिलं. तिथे त्याला मुळं फुटली, पान आलं, मग तो मातीत गेला आणि माड झाला. अशा माडांच्या बागेत जवळपास साधे माड नसतील तर बहुतेक सगळे नारळ माकापुनोच निघतात.

हे मला आत्चीच्या भावाने सांगितलं. तो शेतकी खात्यात होता. मागच्या अंगणात उभं राहून त्याने एक नारळ हलवला, माझ्या कानाशी धरला. काही नाही. मग कोयत्याने फोडला. आत पांढरं, ओलं, थरथरतं. आपूने चमच्याने तो गर खरवडून लांब लांब पट्ट्या काढल्या आणि साखरेच्या पाकात टाकल्या. एका नारळाच्या अशा कितीशा होणार, वाटीभर. मी शहाळ्याची मलई समजून तोंडात टाकली होती. तिला नुसतं शहाळ्यासारखं म्हणणं बरोबर नाही. शहाळ्याची मलई जिभेवरून निसटते. माकापुनो थांबतो, दातांना हलकासा अडतो, आणि मग त्यातून नारळाचा वास येतो, उशिराने.

त्या दिवशी मला त्या पेल्याचं गणित कळलं. मनिलाच्या पेल्यात बारा-चौदा गोष्टी असतात, बऱ्याचशा बरणीतून काढता येतात, आणि एखादी बिघडली तरी बाकीच्या सांभाळून घेतात. ग्वाग्वाच्या पेल्यात कोणाला लपायला जागा नाही. केळं कच्चं राहिलं तर ते लगेच कळणार. बर्फ जाडा झाला तर सगळंच पाणी. म्हणून वीस केळ्यांतली दहा बाजूला ठेवायची आणि एक रात्र थांबायचं. याला साधा हालो-हालो म्हणतात ते तोंडातल्या चवीपुरतं ठीक आहे. आपूच्या ओट्यापाशी उभं राहिलं की तो शब्द वापरवत नाही.

बर्फाचंही थोडं सांगते. फिलिपिन्समध्ये आपसूक न मिळणारी या पेल्यातली गोष्ट म्हणजे तो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मनिलात बर्फ यायचा तो अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या गोठलेल्या तळ्यांतून कापून, भुशात गुंडाळून, जहाजाने. त्याच तळ्यांचा बर्फ 1830च्या दशकापासून कोलकात्याला आणि आपल्या मुंबईलाही उतरायचा. मुंबईत त्यासाठी बर्फाचं कोठार बांधलं होतं. मग 1902मध्ये अमेरिकी सरकारने मनिलात पासिग नदीकाठी बर्फाचा कारखाना काढला आणि बर्फ बाजारात आला. जवळच किआपोचा बाजार. तिथे युद्धापूर्वी स्थायिक झालेले जपानी लोक आपल्या काकिगोरीच्या, म्हणजे पाक घातलेल्या किसलेल्या बर्फाच्या, सवयीने बर्फ किसून त्यावर पाकातली कडधान्यं आणि दूध घालून विकायचे. मोंगो म्हणायचे त्याला. मोंगो म्हणजे आपले मूगच, शब्दही मुळात आपल्याकडून गेलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जपानी दुकानदार राहिले नाहीत, पेला राहिला, आणि त्यात एकेक भर पडत गेली. पांपांगाने त्यातलं कडधान्यच काढून टाकलं.

सगळ्या पांपांगाने नाही. आरायात डोंगराच्या पायथ्याशी आरायात गावात काबिग्तिंग नावाच्या दुकानाचा हालो-हालो मिळतो. त्यातही तीनच गोष्टी, पण वेगळ्या: घोटलेलं पांढरं कडधान्य, मक्याचे गोड दाणे आणि म्हशीच्या दुधाचे पास्तियास. पास्तियास म्हणजे आटवलेल्या दुधाचे मऊ पेढेच म्हणा. तोही पेला मी खाल्ला आणि दुधाच्या बाबतीत आरायातला झुकतं माप दिलं. आत्चीसमोर तसं बोलले नाही. प्रांत एक, अंतर तासाभराचं, आणि ग्वाग्वाचा माणूस आरायातच्या पेल्याबद्दल फार विचारपूर्वक बोलतो.

आपूच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर गुडघ्याच्या वर एक मातकट रेघ आहे. तशा दोन-तीन रेघा आहेत, वेगवेगळ्या उंचीवर. 15 जून 1991ला पिनातुबो ज्वालामुखी फुटला तेव्हा आभाळातून राख पडली, आणि त्याच दिवशी वादळाचा पाऊस होता, त्यामुळे ओल्या राखेच्या वजनाने छपरं बसली. पण पांपांगाचे खरे हाल नंतर झाले. डोंगरावर साठलेली राख दर पावसाळ्यात चिखल होऊन खाली येत राहिली. लाहार म्हणतात त्याला. ऑक्टोबर 1995मध्ये शेजारचं बाकोलोर गाव अशा लाहारखाली गेलं. तिथलं सान गियेर्मो चर्च अर्धं जमिनीत आहे, आज लोक खिडक्यांतून आत जातात, कारण दारं खाली राहिली. ग्वाग्वा तसं गाडलं गेलं नाही, पण नद्या गाळाने भरल्या, आणि भरतीचं पाणी आता पाऊस नसतानाही गल्ल्यांत येतं.

त्या वर्षांत घरात काय शिजायचं, असं मी आत्चीला विचारलं होतं. भात आणि डबाबंद मासे, ती म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, चौथ्या की पाचव्या महिन्यात बर्फवाला पुन्हा यायला लागला. माकापुनो नव्हता, अंडी महाग होती. आपूने नुसतं केळं पाकात शिजवलं आणि बर्फावर घातलं. सगळ्या मुलांना पेला मिळाला. आत्ची तेव्हा कॉलेजात होती. तिला आजवरच्या सगळ्या हालो-हालोंमध्ये तो एक आठवतो.

मी दरम्यान सुट्टीत मालवणला आले तेव्हा आईसाठी तो पेला करून बघितला. राजेळी केळी मिळाली, ती छान झाली, आपूच्या पद्धतीने मूठ-मूठ साखर घालून. माकापुनोच्या जागी शहाळ्याची दाट मलई पट्ट्या काढून पाकात टाकली. फ्लान वाफवला. बर्फ मात्र मिक्सरमध्ये फिरवला आणि तो खडबडीत राहिला, दूध खाली गेलं. पुढे मला कळलं की बर्फ फ्रीजमधून काढल्याबरोबर किसायचा नसतो. तो थोडा घामेजला, कडकपणा गेला, की मगच पातळ सालींसारखा सुटतो. जुने गोळेवाले उलट्या रंध्यावर बर्फाची लादी घासायचे त्यांना हे हातानेच माहीत असणार.

आईने पेला हातात घेऊन आत बघितलं. "ह्येच्यात आनी काय घालूचा आसा?" तिने विचारलं. म्हटलं, काय नाय. तिने खाल्लं. केळं तिला फार आवडलं. माकापुनोची गोष्ट सांगितल्यावर मात्र ती बराच वेळ गप्प होती, आणि मग तिने विचारलं की मग त्या बाटलीतल्या माडाचे नारळ तरी रुजतात का. मी सांगितलं, नाही. त्यांचे कोंबही पुन्हा असेच काढून वाढवावे लागतात, प्रत्येक वेळी. ती म्हणाली, म्हणजे कोणीतरी सतत करत राहायला हवं.

क्लार्कची नोकरी सोडून निघण्याच्या आधीच्या रविवारी मी ग्वाग्वाला गेले. आपू आता ओट्यापाशी उभी राहत नव्हती, दाराजवळच्या वेताच्या खुर्चीत होती. फ्लान आत्चीच्या मुलीने केला होता, केळीही तिनेच शिजवली होती. बर्फ किसायचं हाताने फिरवायचं यंत्र आत्चीच्या भावाने अंगणात मांडलं. लादी ओल्या गोणपाटाखाली आधीच बाहेर काढून ठेवली होती. चक्र फिरू लागलं आणि पेले एकेक भरत गेले.

पहिला पेला आपूला. तिने ढवळला नाही. चमचा बाजूने आत घालून तळातून केळ्याचा एक तुकडा वर काढला, उजेडाकडे धरला, कडेने आरपार दिसतंय का बघितलं. नात स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. आपूने तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि मान न वळवता काहीतरी म्हणाली. पोरगी हसली आणि आत गेली.

"काय म्हणाली?" मी आत्चीला विचारलं.

"म्हणाली, किती केळी बाजूला काढलीस."

आपूने मग चमचा पुन्हा तळापर्यंत घातला आणि ढवळायला सुरुवात केली.